हप्ता थांबला, हंगाम थांबला नाहीं

कोरोनाच्या महामारीस आतां पांच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मुखपट्ट्या गेल्या, आठवड्याचे बाजार पूर्ववत् भरूं लागले, मुंबई-पुण्याहून परतलेलीं माणसें पुन्हां आपापल्या धंद्यास लागलीं; आणि मनुष्यस्वभावास अनुसरून त्या दिवसांचा विसरहि पडूं लागला. गेलेल्या जिवांचें दुःख ज्या त्या घरांत आहेच. त्याविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्या संकटांत गांवची सोसायटी, जिल्हा बँक, ग्रामीण बँक व त्यांच्या वरच्या बँका यांनीं शेतकऱ्यास कोणत्या रीतीनें हात दिला आणि तो हात कोठें आखूड पडला, याचा हिशेब आमच्या गांवच्या पारावर तरी कोणी मांडलेला आम्हीं ऐकला नाहीं. हिशेब उशिरानें मांडला तर चालतो. मुळींच मांडला नाहीं तर तीच चूक पुन्हां अंगावर येते. यास्तव हा लेखनप्रपंच.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हों. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत चाकरीस लागलों व तालुक्याच्या कचेरींत दप्तर सांभाळतां सांभाळतां निवृत्त झालों. घरची थोडी जिराईत आहे आणि गांवच्या सोसायटीचे आम्ही जुने सभासद आहों. तेव्हां जें लिहावयाचें तें दप्तराच्या व बांधाच्या अनुभवावरूनच लिहूं.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो काळ कोणता, हें शेतकऱ्यास सांगणें नको. गहूं-हरभरा खळ्यावर येत होता; नाशिक-सांगलीकडे द्राक्षें वेलावर होतीं; विदर्भ-मराठवाड्यांत पुष्कळांचा कापूस घरांतच पडून होता. कोंबड्यांपासून हा रोग होतो अशा खोट्या वावडीनें कुक्कुटपालन करणारे तर त्यापूर्वींच बुडाले होते. बाजार समित्या कोठें बंद, कोठें अर्ध्या उघड्या. गाडी आहे तर परवाना नाहीं, परवाना आहे तर गिऱ्हाईक नाहीं. पीक आलें होतें, पण पैसा आला नव्हता. हें एक वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

अशा वेळीं वरून जी पहिली मदत आली ती मुदतवाढीची. रिझर्व्ह बँकेनें २७ मार्च २०२० रोजीं असें जाहीर केलें कीं, १ मार्च ते ३१ मे या काळांत देय होणारे कर्जाचे हप्ते तीन महिने पुढें ढकलण्याची बँकांस परवानगी आहे. शेतीचीं मुदती कर्जें व पीककर्जें यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख होता आणि सहकारी बँकांसहि ती परवानगी लागू होती. पुढें २२ मे रोजीं ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढविण्यांत आली. घाबरलेल्या लोकांस त्यामुळें धीर आला, यांत संशय नाहीं. वेळेवर फेड करणाऱ्यास पीककर्जावर जी व्याजाची सवलत मिळते तीहि ३१ ऑगस्टपर्यंत चालू ठेवली, ही गोष्ट तर खरोखर उपकारक झाली. एरवीं सात टक्क्यांचें जें कर्ज सवलतीनें चार टक्क्यांस पडतें, त्यावर ऐन अडचणींत पूर्ण व्याज भरावें लागलें असतें.

परंतु मुदतवाढ म्हणजे सूट नव्हे. त्या सहा महिन्यांत व्याज चालूच होतें. एक लाखाचें कर्ज, दरसाल बारा टक्के दर, अशी सोपी रक्कम धरली तर सहा महिन्यांचें सरळ व्याज ६,००० रुपये होतें. दर महिन्यास व्याजावर व्याज चढविलें तर तें सुमारें ६,१५२ रुपये होतें. अंतर १५२ रुपयांचें. ऑक्टोबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांस हें अंतर परत करण्याचें ठरविलें. घर, मोटार, शिक्षण, लहान उद्योग, इतकेंच नव्हे तर घरांत वापरावयाच्या टिकाऊ वस्तूंसाठीं घेतलेलीं कर्जें त्यांत बसलीं. मात्र पीककर्ज व ट्रॅक्टरचें कर्ज त्यांत बसत नाहीं, असा खुलासा झाला. पुढें २३ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या सहा महिन्यांचें व्याजावरील व्याज कोणाकडूनहि घेऊं नये, असा निकाल दिला. रक्कम लहान होती हें आम्हांस मान्य आहे. पीककर्जावर अगोदरच सवलत आहे, हा युक्तिवादहि आम्ही ऐकला आहे. तथापि ज्या यादींत घरांतल्या शीतकपाटाचें कर्ज बसतें त्या यादींत नांगरटीच्या ट्रॅक्टरचें कर्ज बसत नाहीं, हें पाहून यादी करणारांच्या डोळ्यांपुढें शेतकरी नव्हता एवढें तरी कळून येतें.

याहून मोठा दोष निराळाच आहे. मुदतवाढीची कल्पना मूळ पगारदाराच्या मापाची. त्याचा हप्ता महिन्याचा, त्याचें उत्पन्न महिन्याचें. तीन महिने पगार थांबला तर हप्ताहि तीन महिने थांबवावा, हें सयुक्तिक आहे. शेतकऱ्याचा काळ महिन्यांनीं मोजला जात नाहीं, हंगामानें मोजला जातो. बहुतेक सोसायट्यांत खरिपाच्या कर्जाचा भरणा मार्चअखेर होतो आणि जुनें फिटलें म्हणजे एप्रिलपासून नवें निघतें. आमच्या तालुक्यांत २०२० च्या उन्हाळ्यांत घडलें तें असें: मुदत वाढली म्हणून सभासद थकबाकीदार ठरला नाहीं, पण जुनें फिटलें नाहीं म्हणून नवें कर्जहि निघालें नाहीं. हप्ता थांबला, पण हंगाम थांबला नाहीं. मृग निघाला तेव्हां बियाण्यास पैसा नव्हता.

दुसरी मदत पैशाची होती. १७ एप्रिल २०२० रोजीं रिझर्व्ह बँकेनें नाबार्डला २५,००० कोटी रुपयांची खास सोय दिली. तो पैसा ग्रामीण बँका, सहकारी बँका व लहान कर्जें देणाऱ्या संस्था यांजकडे जावयाचा होता. मे महिन्यांत खरिपासाठीं नाबार्डमार्फत आणखी ३०,००० कोटी देण्याची घोषणा झाली. हेतु योग्य, रक्कम मोठी. परंतु पाट कितीहि भरून आला तरी पाणी शेतांत येण्यास चारी धड लागते. आपल्या राज्यांत ३१ जिल्हा बँका व त्यांखालीं सुमारें २१ हजार गांवसोसायट्या अशी ही चारी आहे. त्या वेळीं ग्रामीण बँकाहि दोन होत्या. १ मे २०२५ पासून त्या एक झाल्या आहेत. ज्या जिल्हा बँकेची वसुली बरी व स्वनिधि भक्कम, तिला वरून पैसा उचलतां आला व खालीं वांटतां आला. विदर्भ-मराठवाड्यांतील ज्या कांहीं बँका अगोदरच खिळखिळ्या झाल्या होत्या, त्यांच्या सभासदांनीं कोटींचे आंकडे वर्तमानपत्रांत वाचले व ते उधारीच्या दुकानाची पायरी चढले. जेथें गरज अधिक तेथेंच चारी फुटलेली, हा योगायोग नव्हे. वर्षानुवर्षांच्या थकबाकीचें, कर्जमाफीच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याच्या संवयीचें व कांहीं संचालकांच्या बेपर्वाईचें तें फळ होतें.

आतां एका नोंदीची गोष्ट सांगतों, कारण कारकुनाची दृष्टि नोंदीकडेच जाते. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजना डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर झाली होती. दोन लाखांपर्यंतचें थकलेलें पीककर्ज सरकार भरणार होतें. याद्या लागल्या, अंगठे घेऊन ओळख पटविण्याचें काम सुरू झालें, आणि तेवढ्यांत रोग आला. एकाच यंत्रावर शेंकडों लोकांचे अंगठे घेणें धोक्याचें म्हणून काम थांबलें व सुमारें ११ लाख खातेदार मध्येंच लटकले. त्यांचें कर्ज सरकार भरणार हें ठरलेलें. परंतु बँकेच्या वहींत ते थकबाकीदारच. तेव्हां २२ मे २०२० रोजीं राज्य शासनानें असा निर्णय काढला कीं, या खात्यांवरील रक्कम 'शासनाकडून येणें' अशी दाखवावी व या शेतकऱ्यांस खरिपाचें नवें कर्ज द्यावें.

आमच्या मतें त्या सर्व काळांतील हा सर्वांत शहाणपणाचा हुकूम होय. कारण त्याला हंगाम कळला होता. परंतु हुकूम निघणें व अंमल होणें यांत आमच्या देशांत नेहमीच अंतर पडतें. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. चार एकर जमीन, घरांत सहा माणसें. हुकुमाची बातमी त्यांनींच आम्हांस सांगितली. त्यांच्या बँकेच्या शाखेंत, तिचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं, त्यांस असें उत्तर मिळालें कीं, "शासनाकडून येणें आहे तें येऊं द्या, मग पाहूं." बँकेचेंहि सर्वस्वीं चुकलें असें म्हणवत नाहीं, ठेवी लोकांच्या, आणि कागदावरच्या वचनावर ठेव परत करतां येत नाहीं. पण यांत जून गेला. या गृहस्थांनीं दुकानदाराकडून उधारीनें सोयाबीनचें बियाणें आणलें. त्या वर्षीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सोयाबीन उगवलें नाहीं, हें वाचकांस स्मरत असेल. त्यांचेंहि उगवलें नाहीं. दुबार पेरणीस पुन्हां उधारी झाली. बँकेचें कर्ज हातीं आलें तें श्रावणांत, आणि तें सगळें दुकानदाराच्या घरीं गेलें. बँकेच्या अहवालांत मात्र 'पीककर्ज वाटप झालें' अशी नोंद झाली असेल. नोंद खोटी नाहीं. पण पेरणीनंतर आलेला पैसा हा पेरणीचा पैसा नव्हे.

आणखी एक गोष्ट दप्तराच्या माणसाच्याच ध्यानांत येण्यासारखी आहे. पाऊस हुकला, गारपीट झाली, तर गांवची पैसेवारी पडते, पंचनामे होतात, आणि पीक तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक बुडालें तर कर्जाचें पुनर्गठन करून नवें कर्ज देण्याची वाट खुली होते. २०२० सालीं पीक बुडालें नव्हतें. बाजार बुडाला होता. शेतांत पीक उभें असल्यामुळें पैसेवारी उत्तम पडली. त्या वर्षीं देशाचें एकूण उत्पन्न घटलें असतां शेतीचें वाढलें, असें सरकारी आंकडे सांगतात. १४ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें या रोगास 'आपत्ति' ठरविलें होतें. परंतु तें आपत्ति-निधींतून तपासणी, विलगीकरण इत्यादि खर्च करतां यावा म्हणून. कर्जाच्या कागदांत ती आपत्ति उतरली नाहीं. पुढें ऑगस्टमध्यें महामारीनें अडचणींत आलेल्या कर्जांच्या फेररचनेची जी चौकट निघाली तींतूनहि पीककर्जें वगळलेलीं होतीं. सारांश, सरकारी हुकुमानें बाजार बंद झाल्यास शेतकऱ्याचें काय करावें, यास आपल्या कोणत्याच नमुन्यांत रकाना नव्हता. आणि ज्यास रकाना नाहीं तें दुःख दप्तरीं दाखल होत नाहीं.

पूर्वीं काय होत असे? १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. साथीचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे खरिपाच्या काढणीच्या व रब्बीच्या पेरणीच्या वेळीं होता; आणि त्याच सालीं पाऊसहि हुकला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा, मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक १९११ ची. म्हणजे ही चळवळ तेव्हां पाळण्यांत होती. शेतकऱ्यास मुख्यतः दोनच दारें: एक सावकाराचें, दुसरें १८८४ च्या कायद्याखालील तगाईचें. तगाईंत दोष पुष्कळ होते. ती पुरेशी नसे, आणि तिची वसुली शेतसाऱ्याच्या रीतीनें होई, तींत दयामाया नसे. परंतु तिच्यांत एक गुण होता: ती बीं व बैल यांसाठीं, म्हणजे पेरणीच्या गरजेकडे पाहून दिली जाई. शंभर वर्षांनंतर आपल्यापाशीं सोसायटी आहे, जिल्हा बँक आहे, कार्ड आहे, सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. साधनें वाढलीं, पण वेळेचें भान मात्र वाढलें नाहीं.

कोणी म्हणेल, झालें तें झालें. आतां रडून काय उपयोग? आम्ही रडत नाहीं, पुढच्या संकटाची तयारी सुचवितों. रोग पुन्हां येईल किंवा न येईल. परंतु बाजार पुन्हां बंद पडेल, हें धरूनच चालावें.

पहिली गोष्ट सोसायटीची. कायद्याप्रमाणें निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीकडे जातो. त्याशिवाय लाभांशांतून दरसाल थोडी रक्कम काढून गांवचा स्वतंत्र 'बियाणें-निधि' उभारावा. तो एरवीं जिल्हा बँकेंत ठेवींत असावा, आणि वरून कर्ज येण्यास विलंब झाला तर जूनच्या पहिल्या आठवड्यांत एकरीं ठराविक उचल सभासदास त्यांतून मिळावी. रक्कम लहान असली तरी ती वेळेवर असेल. दहा वर्षें लाभांश थोडा कमी घेतला म्हणून कोणी सभासद उपाशी मरत नाहीं; पण एक पेरणी हुकली म्हणजे त्याचें वर्ष जातें.

दुसरी गोष्ट जिल्हा बँकेची. बाजार सरकारी हुकुमानें बंद झाल्यास, पैसेवारीची वाट न पाहतां, चालू पीककर्ज दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत बदलून त्याच आठवड्यांत नवें कर्ज द्यावें, असा नियम संकटापूर्वींच मंजूर करून घ्यावा. वरच्या बँकांची व शासनाची संमति लागेल हें उघड आहे. ती शांततेच्या काळांत मागावी. आग लागल्यावर विहीर खोदण्यांत अर्थ नाहीं, हें आपले वाडवडील सांगत आले आहेत.

तिसरी गोष्ट शासनाची. 'शासनाकडून येणें' या शब्दांस वजन यावें असें वाटत असेल तर त्या रकमेचा कांहीं भाग हुकुमाबरोबरच रोख बँकेंत भरावा. म्हणजे शाखेच्या अधिकाऱ्यास नकार देण्यास तोंड राहणार नाहीं. अंगठ्यावांचून ओळख पटविण्याची दुसरी सोयहि आधींच असावी. सोसायट्यांच्या वह्या संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मंजूर केली आहे. तिचा उपयोग वरच्यांस आंकडे पुरविण्यापुरता न होतां सभासदाचें खातें ताबडतोब पाहण्यासाठींहि व्हावा.

चौथी गोष्ट आपली, म्हणजे जमीनधारकांची. आणि ती थोडी कडू आहे. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पांत, तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास तें बिनव्याजी पडेल अशी घोषणा राज्य शासनानें केली. अशी सवलत असतांहि ऐपत असून न भरणारे सभासद आपल्यांत आहेत कीं नाहींत, हें ज्याचें त्यानें मनास विचारावें. मोठ्या खातेदारानें थकविलेला एक लाख म्हणजे संकटाच्या वर्षीं पांच लहान खातेदारांचें बुडालेलें बियाणें होय. तसेंच जो आपली जमीन वांट्यानें कसतो त्याच्या नांवें सातबारा नाहीं, म्हणून या सर्व सोयींतला एक पैसाहि त्याच्या हातीं पडत नाहीं. बियाणें-निधि उभारलाच, तर त्यांतील उचल जो प्रत्यक्ष पेरतो त्यास मिळावी, एवढी उदारता सभेनें दाखवावी. येथें कोणी कुळकायद्याचें भय घालील. त्यास आमचें उत्तर असें कीं, सोसायटीची उचल सोसायटीच्या वहींत राहील; तिच्यानें सातबाऱ्यावर नोंद चढत नाहीं. हें आम्ही तीस वर्षांच्या दप्तरी अनुभवानें सांगतों.

हें सर्व होणार कोठें? वार्षिक सभेंत. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आंत होते. तेथें चहा घेऊन, अहवालाची प्रत घडी करून खिशांत घालून आपण परत येतों. यंदा ती प्रत उघडून तीन आंकडे पाहावे: वसुली शेंकडा किती, राखीव निधि किती, आणि गेल्या खरिपांत मृगापूर्वीं किती सभासदांस कर्ज मिळालें. तिसरा आंकडा अहवालांत बहुधा छापलेला नसतो. तो सभेंत उभें राहून विचारावा. गटसचिवानें दिला नाहीं तर पुढच्या वर्षापासून छापावा, असा ठराव मांडावा. एका गांवानें विचारलें तर जिल्हा बँक हंसेल. शंभर गांवांनीं विचारलें तर तिला उत्तर शोधावें लागेल.

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेंत बियाणें-निधीचा ठराव आम्ही मांडणार आहों. तो संमत होईल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. लाभांश कमी होणार म्हटल्यावर कपाळास आठ्या पडतीलच. परंतु ज्या गृहस्थांची हकीकत वर दिली त्यांनीं अनुमोदन देण्याचें कबूल केलें आहे.